बोट

पुंता अरेनासमध्ये आधी वारा दार ढकलतो,
मग गिऱ्हाईक आत येतं.
दोन्या एडेल्मिरा वाऱ्याच्याही मागून आली,
काउंटरवर लोकरीचे करडे हातमोजे ठेवले:
"हे घालून चालवता येईल असा कॅमेरा दाखव, मिर्को."

चार दिवसांची बोट. शनिवारी सुटणार.
मुलानं तिकीट काढलंय, खिडकीची खोली.
हिमनद्या, देवमासे, सीलची बेटं.

मी आधी मोठं भिंग काढलं. दुकानाचं भाडं थकलं होतं.
म्हटलं, अल्बाट्रॉस डोळ्याला डोळा भिडवेल.
तिनं ते दोन्ही हातांवर घेतलं, जरा वरखाली केलं.
"पावणेदोन किलो."
डब्यावर बघितलं. एक किलो सातशे चाळीस.

तीस वर्षं ती पोर्वेनिरला होती, खेकड्याच्या कारखान्यात.
पाय तोडायचे, मांस काढायचं, तोलायचं, डबा, झाकण.
बर्फाचं पाणी कोपरापर्यंत.
उजव्या हाताच्या तीन बोटांना आता काही कळत नाही,
मातेचा कप ओठांना लावल्यावर समजतं किती गरम ते.
"समुद्रातलं सगळं मी वजनावर पाहिलंय," ती म्हणाली.
"चालताना काहीच नाही."

मोठं भिंग मी परत कपाटात ठेवलं.

सांगितलं,
डेक रात्रंदिवस थरथरतो, रेलिंगला टेकू नका,
रेलिंग त्याहून जास्त थरथरतं. गुडघे सैल ठेवा.
हिमनदीला लांबचं भिंग नको, ती अंगावरच येते,
तिला रुंद डोळा लागतो. सीलला लांबचा.
डेकवर भिंगं बदलत बसलात तर खारं पाणी आत जाईल,
म्हणून एकच घ्या, न सुटणारं,
दोन्ही कामं करतं, दोन्ही जरा वाईट.
"माझ्या जावयासारखं," ती म्हणाली.

थंडीत बॅटरी मान टाकते, जादाची छातीशी ठेवा.
आणि गारठ्यातून एकदम खोलीत आणू नका,
काचेला रडू फुटतं. आधी पिशवीत गुंडाळा.

तिनं मोजे घातले, डोळे मिटले.
एकेक कॅमेरा हातात दिला.
पहिल्याचं बटण तिला सापडलंच नाही.
दुसऱ्याची दोन एकदम दाबली गेली.
तिसरा नवा, बटणंच नाहीत, सगळी काच.
मोजा काढून तिनं काचेवर बोट ठेवलं.
काचेलाही ते कळलं नाही.

चौथा जुना, कुणीतरी विकून गेलेला,
पट्टा उसवलेला, बटण कोटाच्या गुंडीएवढं.
खट्.
"वाजला," ती म्हणाली, डोळे न उघडता.
मग खिडकीशी गेली, मोडक्या धक्क्याच्या खांबांवरचे पाणकावळे
एकामागून एक, खट्, खट्, खट्,
जसे काही पट्ट्यावरून येतायत.

नोटा तिनं डाव्या हातानं मोजल्या.

दहा दिवसांनी कार्ड घेऊन आली. चारशे बारा फोटो.
हिमनदी कललेली, सगळा समुद्र डावीकडे सांडतोय.
देवमाशाचं शेपूट एकही नाही,
आहे ते तो बुडाल्यावरचं पाणी,
गुळगुळीत, गोल, इस्त्री केल्यासारखं.
असे एकसष्ट.
मी काही बोललो नाही. ती प्रत्येक गोलाशी थांबत होती.
"हा म्हातारा होता," म्हणाली. "ह्याच्यासोबत पिल्लू."

मग एक आला:
खेकडे धरणारी लहान बोट, नारिंगी कपड्यातला पोरगा,
हात उंच करून तो आमच्या बाईंना खेकडा दाखवतोय,
जिवंत, दहाही पाय आभाळात फाकलेले.
आणि खाली कोपऱ्यात, धूसर, खेकड्याहून मोठं,
करड्या मोज्यातलं तिचं बोट.

छापायला हाच हवा होता तिला.
मी कोपरा छाटायला घेतला.
"बोट राहू दे," ती म्हणाली.

राहू दिलं. वीस बाय तीस.
कागद विचारला, तर चकचकीत नको.
चकचकीत डबे असतात.