नव्वद टंच

देवळाली कॅम्पातून होमाईबाईंचा ड्रायव्हर आला
सहा चमचे रुमालात बांधून.
चिठ्ठीत दोनच ओळी :
आटवून टाका. पैसे याच्याजवळ द्या.

वजन दोनशे आठ ग्रॅम.
चहाच्या चमच्याहून मोठे, जेवणाच्याहून लहान.
जेवणानंतरचं गोड खायचे, ड्रायव्हर म्हणाला.
आमच्यात गोड पानातच असतं, वरणभाताच्या शेजारी,
त्याला वेगळं हत्यार लागत नाही.

कसोटीवर ओढले, थेंब टाकला.
नव्वद टंच. म्हणजे नाण्यांची चांदी.
उलटे केले तर दांड्याच्या पाठीवर
चौकटीत नाव : ई. वेदरबी.
भिंगातून पाहिलं,
ई-ची मधली काडी तुटलेली, सहाही चमच्यांवर तशीच.
ठसा एकच होता तर, आणि
नवा करून घ्यायला पैसे नसावेत.

फोन लावला.
होमाईबाई म्हणाल्या, सासऱ्यांच्या आजोबांचा
बॉस्टनच्या जहाजवाल्यांशी कापसाचा धंदा,
तिथनं नजराणा आला.
तिकडे लोक घरातले डॉलर सोनाराला द्यायचे,
तो वितळवून चमचे घडवायचा.
नाणं चोरीला गेलं की गेलं, डिकरी,
चमच्याला नाव असतं.

हे मला नवं नाही.
राणीछाप रुपये आटवून केलेले वाळे
मी याच भट्टीत पुन्हा आटवलेत.
पण वाळ्यांवर घडवणाऱ्याचं नाव
मी कधी वाचलेलं नाही.
अप्पांनी एकेचाळीस वर्षं घडवलं या सराफ बाजारात,
ठसा दुकानाचा, विसपुत्यांचा.
अप्पांचं जे काही उरलं असेल ते
झारेकऱ्यांनी गटारातल्या मातीतून चाळून नेलं,
नाहीतर पुरात गोदावरीनं.

मूस तापत ठेवली.
एकेक चमचा हातात घेतला, उगीच.
टोकं झिजलेली, सगळी डाव्या बाजूनं :
उजव्या हातानं ताटली खरवडणारे लोक,
दीडशे वर्षं, दोन देशांत.
पाचवा तसाच.
सहावा
उजवीकडून झिजला होता.

त्या घरात कुणीतरी माझ्यासारखं होतं तर.
तीर्थाला डावा हात पुढे केला म्हणून
रामकुंडावर फटका खाल्लेला आहे मी.
त्याला कुणी काही म्हणालं असेल का,
की त्याचा चमचाच वेगळा ठेवला असेल,
आणि तो वेगळा ठेवणं हीच शिक्षा असेल,
किंवा लाड.

पाच आटवले.
आटताना वेदरबी शेवटपर्यंत वाचता येत होता,
मग चौकट सैल झाली
आणि नुसती चांदी, पाण्यासारखी, कुणाचीच नाही.
सहाव्याचे चौतीस ग्रॅम
माझ्या मजुरीतून वळते केले.
ड्रायव्हरनं नोटा दोनदा मोजल्या.

गोड काही खाल्लं नाही त्यानं अजून.
सवागीच्या डब्यात असतो.
डाग द्यायच्या आधी मी चिमूटभर सवागी
डाव्या हातानं त्यात घेते,
डब्याच्या कडेवर निपटते.
परवा विसपुतेशेट म्हणाले, हा चमचा कुणाचा?
मी म्हटलं, नाव आहे त्याच्यावर, बघा.
त्यांनी चष्मा शोधला. सापडला नाही.