बी वाजतं का

जळगावच्या कॉलेजात उद्या माझं भाषण.
विषय त्यांनीच पाठवलाय : संकटातून शिकलेले पाच धडे.
पाचच का, ते मी विचारलं नाही.
पुतण्यानं स्लाइडी करून दिल्या,
प्रत्येकीच्या कोपऱ्यात वर जाणारा हिरवा बाण.

स्लाइडीत नाही ते असं :
दोंडाईच्याच्या आमच्या पथारीवर
त्या डिसेंबरात तीन दिवस आभाळ बसून होतं.
मिरची लाल दिसत होती.
मिरची लालच दिसते.
देठं खुडणाऱ्या झिपाबाई मालचेनं
एक उचलली, कानाशी नेली, हलवली
आणि माझ्याकडे न बघता म्हणाली,
"भाऊ, बी वाजत नही. वल्ली शे."
माझ्या हातात फोन, फोनवर दुबई.
मी हातानंच खूण केली, थांब.
ती थांबली थोडा वेळ.
मग पुढची मिरची खुडू लागली.

संध्याकाळी लॅबमधल्या योगीराजनं कागदावर लिहून दिलं, ओलावा जास्त.
मी खाली लिहिलं, जाऊ द्या.
माल गेला.
आयुष्यात इतके महाग दोन शब्द मी पुन्हा लिहिले नाहीत.

चोपन्नाव्या दिवशी दोन्ही कंटेनर परत.
सोबत एका पानाचा रिपोर्ट, त्यात बुरशीचं लांबलचक नाव,
ते निंबा आप्पा मुनीम मोठ्यानं वाचत होते
आणि प्रत्येक वेळी वेगळं वाचत होते.

दुसरी स्लाइड म्हणते, जबाबदारी स्वीकारा.
स्वीकारली ना. आठव्या महिन्यात.
त्याआधी आभाळाला शिव्या दिल्या, दलालाला दिल्या,
आणि योगीराजला काढून टाकलं,
त्याचा तो कागद माझ्याच ड्रॉवरमध्ये असताना.

बँकेत चहा येईनासा झाला.
पत गेल्याचं पत्र नंतर आलं,
चहा आधी थांबला.

सगळी मिरची जाळली असती तर अख्खं गाव खोकलं असतं,
म्हणून खड्डा खणून, चुना टाकून पुरली.
लोक कुंपणाशी उभे राहिले, चपला काढायच्या की नाही
अशा चेहऱ्यानं.
एकशे चाळीस माणसांचा हिशोब त्याच आठवड्यात केला.
पुरा झाला नाही. काहींचा अजून बाकी आहे.
ही ओळ पुतण्यानं काढून टाकली.

मग चार वर्षं लोकांचा मसाला कुटून दिला, किलोमागे पैसे घेऊन.
बायका आपापली मिरची, आपापला धना घेऊन यायच्या
आणि डंखासमोर उभ्या राहायच्या,
पीठ डब्यात पडेपर्यंत डोळा हलवायच्या नाहीत.
कंपनीच्या भिंतीवर 'विश्वास' असं सोनेरी अक्षरांत होतं आमच्या.
त्या बायकांनी तो शब्द कधी उच्चारला नाही.
नुसत्या बघत राहिल्या.

आता पुन्हा माल जातो. तेव्हाच्या निम्मा.
ओलावा मोजायचं यंत्र आहे, जर्मन.
योगीराज परत आला नाही, फोन उचलतो एवढंच.

झिपाबाईला शोधत गेलो होतो.
ऊस तोडायला गुजरातेत गेलेली, पोरगा म्हणाला होळीला येईल.
होळीला पुन्हा गेलो. साडी नेली होती, आणि माफीचं वाक्य
घोकून नेलं होतं.
ती म्हणाली, कोनती मिरची?
आठवेना तिला.
मी तो दिवस, ते आभाळ, तो फोन, सगळं सांगितलं.
ती हसली,
"हाई त मी रोजच सांगस."

यावर स्लाइड कशी करायची?

सुरत-भुसावळ पॅसेंजरमध्ये बसलोय. अमळनेर गेलं.
खिशात नव्या हंगामाची एक मिरची आहे,
यंत्रानं पास केलेली.
डब्यात कल्ला, खिडकीची पत्र्याची झडप थडथडतेय.
मिरची कानाशी धरून हलवतो.
समोरचा म्हातारा टक लावून बघतोय.
पुन्हा हलवतो.
नक्की सांगता येत नाही.