साणं

मागच्या मे महिन्यात सोजरबाईच्या अकरा कोंबड्या
मी मारल्या.
ती म्हणते, उन्हानं मेल्या.
पण पत्रा माझा होता, वेल्डिंग माझं,
चारी बाजू बंद,
मुंगसाला नख घालायला जागा नाही
आणि वाऱ्यालाही.

पाथरीच्या रस्त्याला माझं दुकान.
ग्रिल, जिना, कूलरचं स्टँड.
खुराडं म्हणजे उरल्यासुरल्या पट्ट्यांचं काम,
त्याचा कुणी नकाशा काढतं का?

यंदा तिनं पुन्हा बोलावलं.
म्हटलं, बाई, दुसरा माणूस बघा.
"तुलाच करावं लागंल, अशपाक.
चुकलंय कुठं ते तुलाच ठाव."

दोन दुपारी नुसता बसून राहिलो तिच्या अंगणात,
कोंबड्या कुठं जातात ते बघत.
अकराला रांजणाखालच्या ओलीवर.
बाराला लिंबाच्या सावलीत, ती सरकेल तशा सरकत.
एकच्या पुढं चोची उघड्या, पंख अंगापासून सुटे,
कुणी झडती घेत असल्यासारख्या.
एक तांबडी मात्र
दोन भिंतींमधल्या बोळीत उभी,
वारा जिकडून येतो तिकडं तोंड करून.
नकाशा तिचाच. मी तो खडूनं गिरवला.

लांबी पूर्व-पश्चिम,
म्हणजे उगवतीचं, मावळतीचं ऊन
आखूड भिंतींवरच दमेल.
भिंत गुडघ्याएवढी, वर सगळी जाळी,
अर्ध्या इंचाची, बोक्याचा पंजा अडावा अशी.
आढं माझ्या डोक्याच्या हातभर वर.
"कोंबड्या पाळायच्यात का उंट?" हैबती कुंपणावरून.
पत्र्याला चुन्याचे दोन हात,
वर तुराट्या, त्यावर वीतभर पाचट,
आणि वळचण चांगली पुढं आलेली,
उन्हात टोपी कपाळावर ओढावी तशी.

एवढं झालं आणि अडलं.
गरम हवा वर चढणार. चढून जाणार कुठं?
मी खडू घासत राहिलो.
सोजरबाईनं काठीचं टोक
नकाशाच्या मधोमध टेकवलं.
"साणं ठेव की. चुलीचा धूर कुठून जायचा?"

माळवदाच्या घराला साणं असायचं.
मी तसल्याच घरात जन्मलो.
अम्मी पाऊस आला की
वर चढून त्यावर घमेलं पालथं घालायची.
नंतर गावभर पत्रे ठोकले
ते मीच.

तर आढ्याला फट ठेवली, वर छोटी टोपी.
पश्चिमेला गोणपाट, दुपारी दोनदा भिजवायचं.
पाण्याची दोन मडकी, गळ्यापर्यंत पुरलेली.

चौदा मेला मोबाईलवर चव्वेचाळीस. लाईट गेलेली.
दुकान बंद करून बघायला गेलो.
सगळ्या दांडीवर. चोची मिटलेल्या.
तांबडी एका पायावर.
शिडीवरून फटीशी हात धरला,
तळव्याला ऊन ऊन लागली
आतून बाहेर निघालेली हवा.
उतरावंसं वाटेना.

रात्री दहाला घरी आलो तरी
पत्रा तडतडत होता.
फरशीवर ओली चादर टाकून नाजनीन झोपलेली,
हात अंगापासून दूर,
तोंड किंचित उघडं.

बायकोनं विचारलं, जेवायचं का?
मी टेप काढला. आढं मोजलं, सोळा फूट.
मग कटर घेऊन
लाईट यायची वाट बघत बसलो.