वटावाची वही

मांडवीतल्या एका बंद पडलेल्या पेढीची
लाल खारव्याच्या बांधणीची वही
माझ्याकडे आली, कारण मला मोडी वाचता येतं.
लिप्यंतराचे पानाला चाळीस रुपये.

डावीकडे तिथी, उजवीकडे भाव:
शंभर कलदारांस एकशे चौदा बाबाशाही.
दुसऱ्या दिवशी एकशे चौदा, चार आणे.
मग आठवडाभर तेच, तेच,
विश्वामित्रीचं पाणी कुणी काठीनं मोजत बसावं तसं.
अक्षर चिंतो बल्लाळ आगटे यांचं,
पेढीवर कारकून, दरमहा अकरा. बाबाशाही.

एका शहरात दोन रुपये होते.
एक हातोड्यानं ठोकलेला, वाकडातिकडा, अंगावर तलवार.
एक यंत्रातून पडलेला, कडेला बारीक दाते, अंगावर राणी.
तलवारीला भाजी मिळायची, दळण, दूध, न्हावी,
आरतीच्या तबकातही ती चालायची.
पण स्टेशनात खिडकीआडचा बाबू
ती एका बोटानं परत सरकवायचा.
मुंबईला जायचं तर आधी मांडवीत यायचं,
आपला रुपया विकून रुपया घ्यायचा.
मधली फट पेढीची. तिला बट्टा म्हणत.
नावाला लागतो, तोच.

समासात आगटे क्वचित बोलतात.
‘लग्नसराई. बाबाशाहीस मागणी. भाव उतरला.’
‘रेसिडेन्सीचा खानसामा आला. आमचे त्याने वाजवून घेतले,
त्याचे आम्ही न वाजवता.’
‘पाऊस नाही.’
सहा पानांनी पुन्हा, ‘पाऊस नाही.’
आणि भाव चढायला लागतो.
एकशे एकोणीस. एकशे चोवीस.
दाणा आगगाडीनं येतो, त्याचे पैसे कलदारांत;
खडी फोडणाऱ्याच्या हातावर पडते ती बाबाशाही.
छप्पनच्या दुष्काळाबद्दल वहीत अवाक्षर नाही.
फक्त हा रकाना,
आणि त्यातलं बारीक होत गेलेलं अक्षर.

मध्येच फोन. भाचा, अल्कापुरीतून.
मावशी, कॅनडाचा डॉलर वीस पैशांनी वर गेलाय,
फी आज भरू की सोमवारी?
मी म्हणते, मला काय कळतंय त्यातलं.
बोट एकशे चोवीसवर ठेवलेलं.

मग सरकारी मुदत: तलवारी आणा, राण्या न्या,
एकशे तीसला शंभर.
त्या दिवसांची पानं शाईनं काळी.
कोठीतले आले, घड्यातले, मंगळसूत्राला अडकवलेले,
एक तर चुलीच्या बुडातून, काजळलेला.
मुदत संपते. भावाचा रकाना कोरा.
कोऱ्या रकान्यासमोर एवढंच:

‘बाई जीवी, डभोईकडची. नग सत्तावीस, पुरलेले.
मुदत गेली, आता तोळ्यावर, असे सांगितले.
म्हणाली, तोळा कसला, रुपया आहे.
तोळ्याने सोळा होतात. दराने वीस रुपये बारा आणे.
वीस बारा दिले.
फरक आगटे यांचे पगारी.’

अकराचे तेव्हा साडेआठही भरत नव्हते.
त्यातून चार रुपये बारा आणे.
मी पुन्हा मोजून पाहिलं. आगट्यांची बेरीज चुकत नाही.

पुढच्या पानावर अक्षर दुसऱ्याचं,
गोल, ठसठशीत. कुणाचं ते लिहिलेलं नाही.
भावाचा रकानाच आखलेला नाही.
शहरात एकच रुपया उरला होता,
तो आता कशाशी ताडून बघणार?

संध्याकाळी भाच्याला फोन लावला.
भरली दुपारीच, म्हणाला.
कितीनं, मी विचारलं.
त्याला आठवत नव्हतं.