फक्त प्राण्यांसाठी

डबीवर छापलंय: केवळ प्राण्यांपासून बचावासाठी.
शेजारी कुत्र्याचं चित्र, दात विचकलेलं,
आणि तळाशी मुंगीएवढ्या अक्षरांत
मुदत संपण्याचा महिना.

दुकानदाराने विचारलं, शेजाऱ्यांचा कुत्रा त्रास देतो का?
म्हटलं, हो, दोन पायांचा.
तो हसला नाही. नऊ युरो नव्वद.

वडील म्हणाले होते, चाकू ठेव.
त्यांचा अळंबी कापायचा, वाकड्या पात्याचा,
लाकडी मुठीवर त्यांच्याच अंगठ्याची खळी.
स्वयंपाकघरात तो उघडला
आणि कुणाच्या तरी बरगड्या डोळ्यांसमोर आल्या.
मिटून परत दिला.
साप मरावा, काठी तुटू नये म्हणतात.
मला साप मरायलाही नको होता,
फक्त वाटेतून सरकायला हवा होता.

पहाटे पावणेतीन. नाइसेच्या काठाने बेकरीपर्यंत
एकोणीस मिनिटं.
पलीकडे पोलंड झोपलेलं, अलीकडे आमचं गोर्लिट्झ.
उजवा हात हातमोज्याविना, खिशात,
कारण हातमोज्यातून झाकण सरकत नाही
(घरी पंचवीसदा करून पाहिलं होतं).
आधी वारा बघा, असं पत्रकात होतं.
त्या हिवाळ्यात मी शहर वाऱ्यावरून शिकले:
रेल्वेपुलाखाली तो पाठीमागून येतो,
नदीवर त्याच्या मर्जीने,
बंद कापडगिरणीच्या कोपऱ्यावर सरळ तोंडावर.
म्हणजे त्या कोपऱ्यावर माझ्याकडे काहीच नव्हतं.

अर्थात, तिथेच.

आधी बाही ओढली गेली, मग मान.
एक सेकंदाची नारिंगी धार,
अर्धी त्याला, अर्धी मला.
नाकाला मिरच्या झोंबल्या, या वेळी खरोखरच्या.
दोघंही एकाच भिंतीला धरून,
दोन मीटरवर, एकच खोकला वाटून घेतल्यासारखे.
तो ना शिव्या देत होता, ना देवाचं नाव घेत होता,
नुसतं पाणी, पाणी.
माझ्या पिशवीत बाटली होती.
दिली नाही. चाचपडत पळाले.
हे इथे लिहिते, कारण पोलिसांनी विचारलं नाही.
त्यांनी चेहरा विचारला. चेहरा मी पाहिला नव्हता.

बेकरीत फ्राउ क्लेमतने पिठाच्या हातांनी
माझं डोकं नळाखाली धरलं.
कणीक थांबत नाही, म्हणाली, पण आज तू थांब.
मी थांबले नाही. चारला भट्टीपाशी होते,
घाम डोळ्यांत उतरला की पुन्हा पेटायचं.

जीव घेत नाही, म्हणून तर घेतली होती.
पण ज्याचा जीव जात नाही तो त्याच शहरात राहतो,
आणि त्याला भूक लागते.

मे महिना, सकाळचे सात, काउंटरवर मी,
रांगेत चौथा.
खसखशीचे चार, म्हणाला.
तोच आवाज.
मी सगळ्यात आधी त्याचे डोळे पाहिले. धड होते.
बरं वाटलं.
आणि बरं वाटल्याचा असा संताप आला
की चिमट्यातला पाव चेपला.

ॲप्रनच्या खिशात डबी. आत वारा नव्हता.
मागे म्हातारे हॉर्नुफ काठी टेकून उभे,
एक बाळगाडी, शाळेची दोन पोरं.
मी पिशवीचं तोंड दुमडलं, पैसे सांगितले,
आणि विचारलं,
सोबत पाणी हवंय?

त्याने तेव्हा वर पाहिलं.
चार पाव आणि पाच युरोची नोट
काउंटरवरच राहिली. दाराची घंटा वाजली.
पुढचे कोण, मी म्हटलं, माझा आवाज मलाच अनोळखी.
दुपारी पोलिसांना फोन केला.
या वेळी चेहराही सांगता आला.

ऑक्टोबरात मुदत संपली.
जुनी डबी घातक कचऱ्याच्या डेपोत दिली,
तिथल्या बाईने ती कानाशी हलवून पाहिली:
अर्धी शिल्लक आहे की.
हो, म्हटलं, अर्धीच लागली.

नवीन घेतली आहे. किंमत वाढलीय.
चित्र बदललंय, कुत्रा तोच,
पण तोंड मिटलेलं.
कोपऱ्यावर आता मी पलीकडच्या फुटपाथने जाते,
वारा पाठीवर घेऊन.