पाचवा रकाना

पहिल्या दिवशी कॉलेज रोडच्या ऑफिसात
आठ जण आले, आठही ओळखीतले.
कुलदीपची वहिनी, अकाउंटवाल्याचा पुतण्या,
खालचा झेरॉक्सवाला, तो तर चहाचे पैसे मागायला आला होता.
यंत्रासमोर उभे राहिले, टोकन काढलं, हसले.
सरासरी एकोणीस सेकंद.
कुलदीप म्हणाला, शंभर टक्के! पेढे मागव.

मी विचारलं, हे बसणार कुठे?
शालीमारजवळ, डोळ्यांच्या दवाखान्यात.
मग डोळ्यांचे पेशंट कुठायत?

दुसऱ्या दिवशी यंत्र टेम्पोत घालून तिथेच नेलं.
माना मागे टाकून बाकावर बसलेल्यांतून निवडलं
जिच्या डोळ्यांत नुकतेच थेंब पडलेत तिला,
जिला पिंपळगावची बस चुकेल म्हणून घाई आहे तिला,
आणि जो म्हणाला, "मला नका विचारू, मला यातलं काही येत नाही,"
त्याला सगळ्यांच्या आधी.

वहीत चार रकाने होते.
जमलं. नाही जमलं. मदतीने जमलं. वेळ.

मालन गांगुर्डे, पेठ रोड.
'पुढे'चं बटण फिकट निळं, तिला पांढऱ्यावर पांढरं.
वीज गेल्यावर काडेपेटी चाचपावी
तसा काचेवरून हात फिरवत राहिली.
दोन मिनिटं चाळीस. नाही जमलं.
म्हणाली, माझंच चुकलं हो, चष्मा राहिला घरी.

रुबीना अत्तार बावीस सेकंदांत मोकळी.
'जमलं'वर खूण केली, मग तिच्या हातातलं टोकन वाचलं.
लहान मुलांचा विभाग.
ती सासूला घेऊन आली होती.
मी खूण खोडली, तिनं ते पाहिलं,
आणि तीही म्हणाली, माझंच चुकलं.

दोंदे काका सगळ्यांत हळू.
नाशिकरोडच्या प्रेसमध्ये एकतीस वर्षं
छापील तावांतले दोष शोधायची नोकरी,
केसाएवढी रेघ हलली तरी ताव बाजूला.
आता उजव्यात मोतीबिंदू.
डावा डोळा तिरका करून काचेला नाक लावलं.
चार मिनिटं अकरा सेकंद.
टोकन खिशात घातलं, वळले.
"बाई, शुद्धलेखन बरोबर आहे.
पण वाचणारा किती लांब उभा राहील,
हे कुणी मोजलेलं दिसत नाही.
आमच्याकडून असा ताव बाहेर गेला नसता."

रविवार कारंजावर रिक्षा अडकली
तेव्हा मांडीवर वही ठेवून,
पट्टीशिवाय, वाकडातिकडा पाचवा रकाना ओढला.
'माझंच चुकलं' किती जण म्हणाले.
सातांतले सहा.

कुलदीप म्हणतो, याचा आलेख कसा काढायचा?
मी म्हटलं, तो राहू दे.
सोमवारी दवाखान्यात ये, एकटा.
आधी दोन्ही डोळ्यांत थेंब घालून घे,
मग टोकन काढ.
घड्याळ मी लावते.