ऐनवेळचे विषय

शाळेच्या व्हरांड्यात सतरंज्या मीच अंथरल्या, घंटाही मीच दिली.
अकराची ग्रामसभा. बारा वाजता डोकी मोजली तर सतरा,
त्यात दोघे मास्तर, अन् एक अहमदपूरहून
फवारणीचं औषध विकायला आलेला, सावली बघून टेकलेला.
पांचाळ ग्रामसेवक म्हणाले, गणपूर्ती नाही, सभा तहकूब.
पुढच्या मंगळवारी हीच सभा, इथंच.

मंगळवारी चौदाच आले.
पण तहकूब सभेला गणपूर्ती लागत नाही.
बावीस वर्षं शिपाई आहे मी,
ही एक गोष्ट अजून मला करणीसारखी वाटते:
माणसं कमी झाली
अन् सभा भरली.

विषय एक, मागील सभेचे इतिवृत्त वाचून कायम करणे.
कायम केलं. वाचलं नाही.
विषय दोन, जमाखर्च. पंखा नव्हता, लवकर आटोपला.
विषय तीन, पाणीपट्टीची थकबाकी,
त्यावर थकबाकीदारच जास्त बोलले.
विषय चार, स्मशानभूमीचं शेड.
"कोणाला घाई हाय का?" सरपंचबाईंचे मालक म्हणाले,
शिक्का त्यांच्याच खिशात असतो.

मग ऐनवेळचे विषय.
हे कागदावर दर वेळी असतं,
अन् खाली दर वेळी, विषय नसल्याने सभा संपली.
मी सतरंजीचं टोक धरलं होतं.
तेवढ्यात मागून सुंद्राबाई लामतुरे उठली.
म्हणाली, आमच्या कोपऱ्यावर दिवा नाही.
सून परवा नालीत पडली, पाच महिन्यांची पोटुशी.

पांचाळांनी रजिस्टर काढलं, बोट फिरवत गेले.
"दिवा आहे, मावशी. पान चव्वेचाळीस.
खांब क्रमांक नऊ, एलईडी, एक नग. बिल अदा."
"हाय?"
"रेकॉर्डला आहे."
सुंद्राबाईनं पदर खोचला.
"मग त्ये बुकच द्या की मैनूभाईजवळ.
दिवस मावळला की टांगतील खांबाला,
उजाडलं की काढून आणतील."

कोणी हसलं नाही.
सरपंचबाई हसल्या, तोंडाला पदर लावून.

आलेली चौदा, सह्या लागतात शंभर.
उरलेली सभा मी पिशवीत घालून दारोदार फिरवतो.
कोणी पिठाच्या हातानं अंगठा देतं,
कोणी विचारतं, कशाची सही? अन् उत्तराआधीच करून टाकतं.
जागीरदारांच्या सलीमनं आजोबाची पण केली,
आजोबा औरादला लेकीकडं होते.

नऊ नंबरच्या खांबापाशी पोचलो तर रात्र झालेली.
शाईचं पॅड उघडलं, ओळ दिसेना.
सुंद्राबाई म्हणाली, "काय लिव्हलंय ते वाचा आधी."
मोबाइलच्या बॅटरीत वाचलं:
ऐनवेळच्या विषयांवर चर्चा करण्यात आली.
"इतकंच?"
"इतकंच."
"अन् मी बोलले ते?"
"ते चर्चेत आलं, मावशी."
तिनं अंगठा आत घेऊन मूठ आवळली.
"मग माझा अंगठा बी चर्चेतच धरा."

बसलो ओट्यावर. आतून सून खोकत होती.
हे बुक मी पावसात पोटाशी धरून नेलंय,
उंदरांपासून जपलंय, पंचायत समितीला तीन वेळा पोचवलंय.
पेन मात्र कधी लावला नव्हता.
चर्चेच्या पुढं जागा होती, बोटभर.
तिथं लिहिलं: खांब नऊ. दिवा नाही.
अक्षर वाकडं आलं. उर्दू शाळेत चौथीपर्यंतच.

तिनं अंगठा त्यावरच दाबला, जरा जास्तच जोरात.

पुढच्या मंगळवारी पांचाळांनी पान बघितलं,
मग माझ्याकडं, मग खिडकीबाहेर.
व्हाइटनर काढलं. झाकण वाळून चिकटलं होतं.
दातानं उघडायला गेले, उघडलं नाही.
ठेवून दिलं.
"चहा सांगा, मैनूभाई," म्हणाले.

काल दवंडी द्यायला फिरलो.
सोमवारी ग्रामसभा हो, अकरा वाजता, शाळेत.
विषय एक, मागील सभेचे इतिवृत्त
वाचून कायम करणे.
'वाचून' हे मी मारुतीपुढं दोनदा ओरडलो.
लामतुऱ्यांच्या गल्लीत
तीनदा.